बारा-दहाची रिकामी

क्लूनाराचं स्टेशन वर्षातून एकदाच स्टेशन असायचं :
ईस्टरच्या सोमवारी, घोड्यांच्या शर्यतीला.
एरवी तिकीटघरात आमची तांबडी कोंबडी खुडूक बसायची,
वेळापत्रकात आमच्या नावापुढं नुसती रेघ,
आणि रुळांमधल्या गवतावर
लॉर्कनची शेळी, बिनतिकीट.

शनिवारी वडील विळ्यानं फलाट भादरायचे.
फाटकाला चुना, दिव्याच्या काचेला राख,
कोंबडी अंड्यांसकट धुण्याच्या टोपलीत.
चाळीस दिवस बिनसाखरेचा चहा प्यायलेलं गाव
रविवारी साखर खायचं
आणि सोमवारी उरलेले पैसे घोड्यावर लावायचं.

डब्लिनहून तीन स्पेशल.
दहा चाळीस, अकरा पंधरा, अकरा पन्नास.
इंजिन मालगाडीचं, उसनं. डबे सापडतील ते :
एकात मखमल, एकात नुसती फळी,
एकाच्या दारावर अजून ‘फक्त स्त्रिया’
आणि आत सोळा बुकी, मांडीवर चामडी पिशव्या,
गाडी थांबायच्या आधीच भाव बोलत.
धूर खाली बसेपर्यंत फलाट भरलेला.
गळपट्टीखाली कॉलर झाकून फादर मलाकी.
एका पोरानं माझ्या बुटावर ओकून
मला अर्धी टॉफी दिली.
मग सगळे टेकडीपलीकडं.
घोडे आम्हाला कधी दिसले नाहीत,
फक्त ओरडा यायचा.

आमच्या सायडिंगमध्ये दोनच गाड्या मावत.
तिसरी परत जंक्शनला जाऊन उभी राहायची,
बारा दहाला, रिकामी.

मी नऊ वर्षांचा होतो त्या वर्षी
अट्रॅक्टा त्या गाडीनं गेली.
माझी बहीण. लिव्हरपूलच्या इस्पितळाचं पत्र
तिनं माझ्या भूगोलाच्या पुस्तकात लपवलं होतं.
मंगळवारी बस होती. पण बसमध्ये गाव असतं,
कुठं गं, किती दिवस, आईला कोण बघणार.
सोमवारी बारा दहाला
अख्खं गाव टेकडीमागं, पाठ आमच्याकडं.

पेटीचा पट्टा तुटका, म्हणून बांधली होती
वडिलांच्या जुन्या हिरव्या निशाणानं.
नियमाप्रमाणं रिकाम्या गाडीत माणूस चालत नाही.
गार्ड टूहीनं पेटीकडं पाहिलं,
आणि घड्याळाला किल्ली देत बसला,
जी त्यानं सकाळीच दिली असणार.
वडिलांनी रस्त्यावर फाटक लावलं.
रस्त्यावर कुणीही नव्हतं.
नऊ डबे, पाचशे जागा,
आणि ती उभीच राहिली दारात,
वळणापर्यंत तरी.

तेवढ्यात टेकडीमागून गर्जना उठली.
पहिली शर्यत सुटली होती की संपली होती, कोण जाणे.
वडिलांनी निशाण गुंडाळलं
आणि पुन्हा उलगडून पुन्हा गुंडाळलं.

संध्याकाळी लोक परतले, कुणी टोप्या हरवून,
कुणी अनोळखी टोप्या घालून.
रात्री वडिलांनी वही भरली :
१२.१०. रिकामी. प्रवासी ०.
ते शून्य मागच्या पानावरही उमटलंय.
वही माझ्याकडं आहे.

पुढच्या वर्षी त्या गाडीला दोघं होते,
सुतार डेव्हिटची मुलं.
त्याच्या पुढच्या वर्षी चौघं,
आणि त्यांत लॉर्कन, शेळी आमच्या दाराला बांधून.
टूही दर वर्षी घड्याळाला किल्ली द्यायचा.
वहीत दर वर्षी शून्य.

मग रेल्वेच्या हपिसातून पत्र आलं :
तिसरी गाडी रिकामी परत नेण्यात
कोळसा फुकट जातो, सबब
सायडिंग साठ यार्ड वाढवावी काय, अभिप्राय द्यावा.
वडिलांनी आठवडाभर पत्र चहाच्या डब्याखाली ठेवलं,
मग लिहिलं, शाई न सांडता, एका ओळीत :
जमीन दलदलीची आहे, वजन पेलणार नाही.

मी तिथं बटाटे लावलेत.
हातभर खाली गेलं की
कुदळीतून ठिणगी उडते.